‘१९६४ पूर्वीच्या’ बंदुकांचे मोल

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील इलियन या लहानशा गावातला रेमिंग्टन कंपनीचा बंदुकांचा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. एलिफलेट रेमिंग्टन याने १८१६ मध्ये सुरू केलेला हा व्यवसाय १८२८ पासून याच गावात चालत होता. अखेरच्या दिवसांत तेथे सुमारे २७० कामगार उरले होते. त्याआधी २००६ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरातला विंचेस्टरचा कारखाना असाच बंद पडला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे हजारो हात राबत असत. कुलूप लागले त्या दिवशी कामगारांची संख्या दोनशेच्याही आत आली होती. त्या जुन्या इमारतीच्या काही भागात आता निवासी सदनिका झाल्या आहेत.

हे कारखाने थंडावले, तरी त्यांतून पन्नास, सत्तर, शंभर वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या बंदुकांचे आकर्षण मात्र ओसरलेले नाही. अमेरिकेत गावोगावी भरणाऱ्या शस्त्रप्रदर्शनांत आणि लिलावांत विंचेस्टर, रेमिंग्टन, इथाका या नावांच्या जुन्या पंप-ॲक्शन शॉटगन शोधत फिरणारा एक मोठा वर्ग आहे. या वर्गाच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग सतत येतो : ‘१९६४ पूर्वीची’. विंचेस्टरच्या बंदुकीला हे बिरुद लागले की तिची किंमत वाढते. एका कंपनीच्या उत्पादनपद्धतीतील बदलाचे साल संग्राहकांच्या लेखी युगांतराची खूण का ठरावे, या प्रश्नाच्या उत्तरात अमेरिकेच्या औद्योगिक इतिहासाचा बराचसा भाग सामावला आहे. आणि हा छंद निव्वळ छंद म्हणून का पाहता येत नाही, याचेही उत्तर तेथेच सापडते.

दुनळीपासून पंपापर्यंत

शॉटगन म्हणजे छऱ्यांची बंदूक. आपल्याकडील परवानाधारक जिला ‘बारा बोअर’ म्हणतात, तीच ही. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जेवढ्या व्यासाच्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची, असा हा जुना हिशेब आहे. एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी प्रामुख्याने दुनळी वापरली जाई. तिच्यातून दोन बार काढले की बंदूक उघडून पुन्हा भरावी लागे. पंप-ॲक्शनमध्ये नळी एकच असते. पण तिच्याखाली दुसरे एक नळकांडे असते आणि त्यात पाच-सहा काडतुसे एकामागे एक बसतात. डाव्या हाताखालची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि पुढे ढकलली की नवे काडतूस नळीत चढते. ही क्रिया अर्ध्या सेकंदाची.

या प्रकारातील व्यापारीदृष्ट्या यशस्वी ठरलेली पहिली बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर याने १८८२ मध्ये बाजारात आणली. परंतु पंप-ॲक्शनला खरे स्थैर्य दिले ते युटा राज्यातील ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंग या कल्पक कारागिराने. त्याने विंचेस्टरसाठी केलेले १८९३ चे मॉडेल जुन्या काळ्या दारूसाठी होते. धूरविरहित दारूची काडतुसे आल्यावर तिचा अधिक दाब सोसणारी, मजबूत बांध्याची सुधारित बंदूक १८९७ मध्ये आली. ‘मॉडेल १८९७’ या नावाने ती १९५७ पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षे तयार होत राहिली आणि तिचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. तिचा घोडा बाहेरच्या बाजूस दिसतो. मूठ मागे ओढताच तो घोडा उभा राहतो आणि बंदूक तयार असल्याची साक्ष देतो. संग्राहकांना तिच्याविषयी वाटणाऱ्या जिव्हाळ्यात या दृश्याचा वाटा मोठा आहे.

पुढे १९१२ मध्ये विंचेस्टरचाच अभियंता थॉमस क्रॉसली जॉन्सन याने घोडा आत लपविलेले ‘मॉडेल १२’ तयार केले. कंपनीने त्याची जाहिरात ‘निर्दोष रिपीटर’ अशा अर्थाच्या शब्दांत केली आणि ग्राहकांनी ती खरी मानली. पुढच्या अर्धशतकात या बंदुकीच्या सुमारे वीस लाख प्रती खपल्या. १९३७ मध्ये आलेली इथाका कंपनीची बंदूक मुळात ब्राउनिंगच्याच एका रचनेवर बेतलेली होती. तिच्यातील रिकामे काडतूस बाजूने न उडता खालून पडे, त्यामुळे डावखुऱ्या शिकाऱ्यांची ती विशेष आवडती ठरली.

सामान्य माणसाचे शस्त्र

आपल्याकडे जुनी बंदूक म्हटले की संस्थानिकांचा शिकारखाना आठवतो. त्यातील नामांकित बंदुका बहुधा इंग्लिश असत. पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या पेढ्यांनी गिऱ्हाइकाच्या हाताचे, खांद्याचे माप घेऊन घडविलेल्या दुनळ्या. त्या जगात पंप-ॲक्शनला प्रतिष्ठा नव्हती. इंग्रज उमरावाच्या दृष्टीने ते कारखान्यातले, खडखडाट करणारे यंत्र होते.

अमेरिकेत नेमक्या याच गोष्टीला महत्त्व आले. पंप-ॲक्शन ही शेतकऱ्याची, कारकुनाची, गिरणी कामगाराची बंदूक होती. ती दुकानाप्रमाणेच टपालानेही मागविता येत असे. १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात टपालाने बंदूक विकण्यास बंदी घालेपर्यंत ही सोय चालू होती. अध्यक्ष केनेडी यांच्या १९६३ मधील हत्येत वापरली गेलेली रायफल टपालानेच मागविलेली होती, आणि त्या धक्क्यातूनच पुढे हा कायदा आला.

आज या बंदुका जमविणाऱ्यांची आठवण या टपाली व्यवहाराच्या काळापर्यंत मागे जाते. एकेका बंदुकीमागे एकेक घर असते. हंगामाच्या पहिल्या थंड पहाटे बदकांच्या शिकारीला निघालेले वडील, दस्त्यावर गालाच्या घर्षणाने पडलेला गुळगुळीत डाग, नळीवरची निळसर झाक पुसट होऊन जेथे हात टेकत असे तेथे उघडे पडलेले पोलाद. झीज हा इतर वस्तूंच्या बाबतीत दोष असेल. येथे ती वापराचा दाखला असते. सरदारी दुनळीच्या संग्राहकाला मालकाच्या घराण्यात रस असतो, पंप-ॲक्शनच्या संग्राहकाला बहुधा स्वतःच्या आजोबांत.

बाजारात हार, संग्रहात सरशी

आता १९६४ कडे वळू. मॉडेल १२ चा मुख्य सांगाडा घन पोलादाच्या ठोकळ्यातून यंत्रांवर कोरून काढला जाई. आतील अनेक भागही तसेच तयार होत आणि मग कुशल कामगार ते एकमेकांत हाताने बसवीत. मूठ मागे-पुढे करताना जो रेशमी मऊपणा जाणवतो, तो या घासकामाचा परिणाम. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मजुरीचे दर वाढले आणि हे घासकाम परवडेनासे झाले.

रेमिंग्टनने ही गोष्ट आधी ओळखली. त्या कंपनीचे ‘मॉडेल ३१’ कामाच्या सफाईत विंचेस्टरच्या तोडीस तोड मानले जाई. पण विक्रीत ते मागे पडले. तेव्हा कंपनीने ते मोडीत काढून १९५० मध्ये ‘मॉडेल ८७०’ आणले. त्यातील बरेच भाग पत्र्यातून साच्याने दाबून काढलेले होते आणि एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत घासाघीस न करता बसत असे. बंदूक स्वस्त झाली आणि टिकाऊही राहिली. पुढील दशकांत तिचा खप एक कोटीच्या पुढे गेला. पोलीस दलांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांनी ती उचलली. विंचेस्टरने अखेर १९६४ मध्ये मॉडेल १२ चे नियमित उत्पादन थांबविले आणि तिच्या जागी खर्चात काटछाट केलेले नवे मॉडेल आणले. त्याच वर्षी कंपनीच्या रायफलींतही असेच बदल झाले. जुन्या ग्राहकांनी नाके मुरडली आणि ‘१९६४ पूर्वीची’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

ज्या गुणांमुळे मॉडेल १२ बाजारात हरली, त्याच गुणांमुळे ती संग्रहात श्रेष्ठ ठरली. बाजाराने ज्या कौशल्याचा मोबदला द्यायचे नाकारले, त्याच कौशल्यासाठी कामगारांची नातवंडे आज अधिक पैसे मोजत आहेत. यात एक विसंगतीही आहे. जुन्या घडणीचे गुणगान करणाऱ्या याच समाजाने १९५० नंतर स्वस्त बंदूक पसंत केली होती. न्यू हेवनच्या कारखान्याचा शेवट ग्राहकांच्या या निवडीतूनच सुरू झाला. आज विंचेस्टरचे नाव धारण करणारी पंप-ॲक्शन शॉटगन तुर्कस्तानात तयार होते. जुन्या बंदुकीवरील ‘न्यू हेवन, कनेक्टिकट’ हा छाप त्यामुळे केवळ पत्ता राहिलेला नाही. डेट्रॉइटच्या मोटारी किंवा पिट्सबर्गचे पोलाद यांच्याविषयी अमेरिकेत जी हुरहूर व्यक्त होते, तीच या छापाभोवती गोळा झालेली दिसते.

अस्सल, नक्कल आणि कायदा

जेथे मोल आले तेथे बनावटही आली. या क्षेत्रात सर्वाधिक बनावट आढळते ती पहिल्या महायुद्धातील ‘ट्रेंच गन’ची. १९१७-१८ मध्ये अमेरिकी सैन्याने मॉडेल १८९७ ची नळी आखूड करून, तिच्यावर हात भाजू नये म्हणून भोके असलेले पोलादी आवरण चढवून आणि पुढे संगिनीची सोय करून ती फ्रान्समधील खंदकांत वापरली. अरुंद खंदकात तिचा परिणाम एवढा भयंकर होता, की जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये तिच्याविरुद्ध राजनैतिक निषेध नोंदविला. अनावश्यक यातना देणारी शस्त्रे वापरण्यास मनाई करणाऱ्या हेग कराराचा त्यात आधार घेतला होता. अशी बंदूक बाळगणाऱ्या कैद्यांना मृत्युदंडाची धमकीही दिली गेली. अमेरिकेने तो निषेध फेटाळला आणि दोन महिन्यांच्या आत युद्धच संपले. या इतिहासामुळे अस्सल ट्रेंच गनला मोठी किंमत येते आणि साध्या शिकारी बंदुकीला नवे आवरण चढवून, लष्करी शिक्का मारून ती खपविण्याचा मोहही तेवढाच मोठा असतो.

म्हणूनच मुरलेला संग्राहक क्रमांक, शिक्क्यांची जागा, स्क्रूच्या खाचा बारकाईने तपासतो. नव्याने पॉलिश करून चकचकीत केलेली बंदूक नवख्याला भुरळ घालते; जाणकाराच्या लेखी तिची निम्मी किंमत तेथेच गेलेली असते. वायोमिंग राज्यातील कोडी येथील शस्त्रसंग्रहालय विंचेस्टरच्या काही जुन्या मॉडेलांच्या कारखाना-नोंदी सांभाळते आणि त्यांच्या आधारे दाखलेही देते. वस्तूपेक्षा तिच्या कागदाला कधी कधी अधिक भाव येतो, हा अनुभव जुनी नाणी किंवा चित्रे जमविणाऱ्यांना नवा नाही.

या बंदुका वापरातून बाहेर पडून संग्रहात जाण्यास निसर्गसंरक्षणाचे कायदेही कारणीभूत झाले. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनहून अधिक काडतुसे असू नयेत, असा संघराज्याचा नियम १९३५ पासून आहे. जुन्या पंप-ॲक्शनच्या नळकांड्यात आढळणारा लाकडी दांडा त्या नियमाची आठवण आहे. पुढे शिशाचे छरे गिळून पाणपक्षी आणि ते पक्षी खाणारे गरुड विषबाधेने मरतात हे सिद्ध झाल्यावर १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आली. पर्यायी पोलादी छरे कठीण असतात आणि पुढच्या टोकाला अरुंद होणाऱ्या जुन्या नळ्यांना ते अपाय करू शकतात. काही जुन्या सोळा बोअरच्या बंदुकांत तर आजची काडतुसे घालणेही धोक्याचे, कारण त्यांच्या नळीतील काडतुसाचा कप्पाच आखूड आहे. अशा रीतीने बदकांसाठी घडविलेली बंदूक दलदलीतून परतली आणि दिवाणखान्यातील कपाटात विसावली.

छंद म्हणून पाहताना

येथपर्यंतची कहाणी घड्याळांच्या किंवा फाउंटन पेनांच्या संग्राहकाला सहज पटेल. पण बंदूक ही घड्याळासारखी वस्तू नाही आणि अमेरिकेत तर ती राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी स्वसंरक्षण हे प्रमुख कारण सांगितले. शिकार हे कारण ३२ टक्क्यांनी, तर संग्रह हे अवघ्या १५ टक्क्यांनी दिले. म्हणजे जुन्या शॉटगनने ज्या संस्कृतीचे प्रतिनिधित्व केले, ती शिकारीची आणि शेतघराची संस्कृती खुद्द बंदूकधारकांमध्येच अल्पसंख्य झाली आहे. तिची जागा शेजाऱ्याच्या भीतीने घेतलेल्या पिस्तुलाने आणि लष्करी धाटणीच्या रायफलीने व्यापली.

रेमिंग्टनचीच वाटचाल याचा दाखला आहे. २००७ मध्ये एका गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात गेलेला हा उद्योग २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत निघाला. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा कर्मचारी ज्या रायफलीने मारले गेले, ती रेमिंग्टन समूहातील बुशमास्टर कंपनीची होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मृतांच्या नऊ कुटुंबांशी ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. अक्रोडाच्या दस्त्याची बंदूक जपणारा वृद्ध संग्राहक स्वतःला या साऱ्यापासून वेगळा मानतो. त्याचे म्हणणे पूर्णतः खोटे नाही. सत्तर वर्षांची पंप-ॲक्शन घेऊन सामूहिक हत्याकांड घडविले जाण्याचे प्रसंग विरळाच.

तथापि, अमेरिकेतील बंदुकीचे मृत्यू प्रामुख्याने सामूहिक हत्याकांडांतून होतच नाहीत. २०२३ मध्ये तेथे बंदुकीने ४६,७२८ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील ५८ टक्के आत्महत्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते. १९५० आणि ६० च्या दशकांत वडिलांबरोबर शिकारीला गेलेली मुले आज याच वयोगटात पोहोचली आहेत किंवा पोहोचत आहेत. घरातील कपाटाला कुलूप आहे का, काडतुसे वेगळी ठेवली आहेत का, हे प्रश्न त्यांच्या बाबतीत बंदूक किती जुनी यावर अवलंबून नसतात. संग्राहक अभिमानाने सांगतो, की शंभर वर्षांची ही बंदूक आजही पहिल्या दिवसासारखी चालते. त्याच्या छंदाचे आकर्षण आणि त्यातील धोका या एकाच वाक्यात आहेत.

वारसाचे काय?

कायदाही या दुहेरी स्वरूपापाशी अडखळतो. १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’ ठरते आणि बहुतेक निर्बंधांतून सुटते. त्यामुळे १८९८ मध्ये बनलेली मॉडेल १८९७ कायद्याने पुराणवस्तू, तर तिच्याच साच्यातून पुढच्या वर्षी निघालेली बंदूक मात्र शस्त्र, अशी गंमत होते. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकांना स्वतंत्र परवाना मिळतो आणि त्याचे शुल्क तीन वर्षांसाठी अवघे ३० डॉलर आहे. विक्रेत्याला परवाना आणि गिऱ्हाइकाच्या पार्श्वभूमीची तपासणी सक्तीची असली, तरी आपल्या संग्रहातील बंदूक अधूनमधून विकणारा छंदिष्ट विक्रेता मानला जात नाही. छंद कोठे संपतो आणि व्यापार कोठे सुरू होतो, यावर तेथे अनेक वर्षे वाद चालू आहे. २०२२ च्या कायद्याने आणि त्यावर आधारलेल्या २०२४ च्या नियमाने ही रेषा अधिक कडक करण्याचा प्रयत्न केला. तो वादही न्यायालयात गेला.

भारतीय वाचकाला हे सारे अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येथे प्रत्येक बंदुकीमागे परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या मर्यादेतून सुटत नाही. निवडणुका आल्या की परवान्याची बंदूक जमा करण्याचे आदेश निघतात. त्यामुळे आजोबांची बारा बोअर हा येथे आठवणीपेक्षा कागदपत्रांचा विषय अधिक असतो. भारतीय व्यवस्थेत नागरिकाकडून खुलासा मागितला जातो, अमेरिकी व्यवस्थेत तो सरकारकडून मागितला जातो. २००८ आणि २०२२ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ही दुसरी भूमिका तेथे अधिकच घट्ट केली आहे.

येत्या दशकात हजारो अमेरिकी घरांत हा प्रश्न उभा राहणार आहे. आजोबांनी जमविलेल्या आठ-दहा शॉटगन शहरात वाढलेल्या, कधी शिकारीला न गेलेल्या मुला-नातवंडांच्या हाती येतील. त्यांना मॉडेल १२ मधला रेशमी मऊपणा कळेलच असे नाही, आणि तिच्या नळीत काडतूस राहिले आहे का, हे तपासणेही ठाऊक असेलच असे नाही. अनेक राज्यांत ती बंदूक राज्यातीलच अनोळखी खरीददाराला कोणत्याही तपासणीविना विकण्यास कायद्याची आडकाठी नसते. संग्राहकाने तिच्याबरोबर इतिहासाचा दाखला जपला असेल, तर त्यात एका गोष्टीची भर घालणे त्याच्याच हाती आहे : आपल्यामागे ही बंदूक कोणाकडे जावी, कोणत्या संग्रहालयाकडे किंवा कोणत्या परवानाधारकाकडे, याची लेखी व्यवस्था. कारखाना बंद झाला, घडविणारे हात गेले, तरी वस्तूची जबाबदारी संपत नाही. पंप-ॲक्शनचे कौतुक करणाऱ्या पिढीकडून हा शेवटचा हिशेब अजून व्हायचा आहे.